ताळा जमला की सामना दिसतो

‘तुम्ही मैदानात बसून क्रिकेटची वही लिहिणारे. मग बेसबॉलच्या जुन्या सामन्यांचे आकडे कसले वाचत बसता? सामना बघितलेला नाही, आपल्याकडे तो खेळ फारसा कोणी खेळतही नाही.’ घरचे विचारतात, मुंबईच्या पावसाळी कांगा लीगमधले जुने सोबतीही विचारतात. विचारलंत म्हणून एकाच सामन्याबद्दल सांगतो.

२६ मे १९५९, मिलवॉकी. पिट्सबर्ग पायरेट्सचा डावखुरा पिचर (आपल्या भाषेत गोलंदाज) हार्वी हॅडिक्स मिलवॉकी ब्रेव्ह्जविरुद्ध चेंडू टाकत होता. बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या छापील धावफलकात, त्याच्या नावापुढची ओळ अशी आहे: इनिंग १२ पूर्णांक २/३, हिट (फटका मारून बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा टप्पा, गाठणं) १, धावा १, अर्न्ड धावा (क्षेत्ररक्षकांच्या चुका वगळून पिचरच्या खात्यावरच्या) ०, वॉक (चेंडू नीट न पडल्याने बॅटरला फुकट मिळालेला बेस) १, स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद) ८. आणि शेवटी, पराभूत. समोरच्या ल्यू बर्डेटची ओळ: इनिंग १३, हिट १२, धावा ०. विजयी.

बारा हिट देणारा जिंकला आणि एक देणारा हरला. ही ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा छापताना नावांची अदलाबदल झाली असावी असंच वाटलं. म्हणून स्कोअररच्या सवयीने ताळा करायला बसलो. आपण नाही का, डाव संपला की फलंदाजांच्या धावा आणि अवांतर एकीकडे, गोलंदाजांचा हिशेब दुसरीकडे, असं जुळवून बघतो आणि एका धावेसाठी अर्धा तास घालवतो? बेसबॉलचा ताळा त्याहून देखणा आहे. खेळायला आलेला प्रत्येक बॅटर शेवटी तीनपैकी एका जागी सापडलाच पाहिजे: तो बाद झाला, धाव करून आला, किंवा बेसवर अडकून राहिला. चौथी जागा नाही.

ब्रेव्ह्जचे ॲट-बॅट, म्हणजे बॅटरच्या मोजणीत धरलेल्या पाळ्या, ३८. वॉक आणि सॅक्रिफाइस (स्वतः बाद होऊन सोबत्याला पुढे सरकवणं) ॲट-बॅटमध्ये धरत नाहीत, ते एकेक वेगळे. एकूण ४०. आता दुसरी बाजू. एका इनिंगमध्ये तीन बाद, म्हणजे १२ पूर्णांक २/३ इनिंगमध्ये ३८ बाद. धाव १, बेसवर अडकलेला १. चाळीस! पेन्सिल खाली ठेवली आणि मग उमगलं की चाळीसपैकी तिघांनाच बेस मिळालाय: एक चुकीमुळे, एक वॉकवर, एक हिटवर. तिघेही तेराव्या इनिंगमधले. म्हणजे त्याआधीच्या बारा इनिंगमध्ये हॅडिक्सने ओळीने ३६ जण बाद केले होते. सामना नऊ इनिंगचा असतो. एकालाही बेसवर न पोचू देता नऊ इनिंग टाकणं हीच त्या खेळातली परमावधी. याने बारा टाकल्या, आणि त्याच्या बाजूने एकही धाव झाली नाही.

तेराव्यात फेलिक्स मँटियाचा साधा चेंडू तिसऱ्या बेसवरच्या डॉन होकने उचलला, पण पहिल्या बेसकडे फेक खाली गेली. एरर, म्हणजे क्षेत्ररक्षकाची चूक. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होऊन त्याला पुढे सरकवलं. हँक ॲरनला मुद्दाम वॉक दिला. मग जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापलीकडे मारला. होम रन, तीन धावा? नाही. मँटिया पोचला की खेळ संपला असं समजून ॲरन दुसऱ्या बेसनंतर मैदानातून वळला, धावत आलेला ॲडकॉक त्याच्या पुढे निघून गेला आणि नियमाप्रमाणे बाद ठरला. फटका डबल, म्हणजे दोन बेसचा, धरला गेला, आणि लीगच्या अध्यक्षांनी निकाल १-० असा पक्का केला. त्या २/३ मधल्या दोन बादांपैकी एक मॅथ्यूज, दुसरा हा ॲडकॉक. एवढा गोंधळ एका अपूर्णांकात नीट बसलाय, म्हणून मला ती ओळ इतकी प्रिय आहे.

ही मांडणी रूढ केली ती हेन्री चॅडविकने. इंग्लंडात जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला आणि क्रिकेटचं वार्तांकन करणारा माणूस. म्हणजे ही वही आपल्या वहीचीच चुलत बहीण. पण एका बाबतीत ती पुढे गेली. तिच्यात चुकीला रकाना आहे.

१९९१ मध्ये ‘नो-हिटर’ची व्याख्या कडक झाली. सामना संपेपर्यंत एकही हिट नको. त्या यादीतून हॅडिक्सचं नाव गेलं. मला ते पटलेलं नाही, पण यादी बदलली तरी ओळ बदलली नाही. होकच्या नावे एरर १, हॅडिक्सची अर्न्ड धाव ०. दुसऱ्याच्या हातून झालेल्या चुकीची धाव पिचरच्या माथी मारलेली नाही.

आपल्या वहीत ते नाही. स्लिपमध्ये शून्यावर सुटलेला फलंदाज पुढे ऐंशी करतो, त्या ऐंशी गोलंदाजाच्या पृथक्करणात जातात, आणि सुटलेला झेल कुठेच नसतो. भर पावसाळ्यात ओल्या चेंडूने जीव तोडून टाकणारी पोरं मी पाहिली आहेत. संध्याकाळी वहीत डोकावून, ‘माझे एवढे कसे हो, काका?’ असं ती विचारायची. बेसबॉलचे हे कागद वाचायला लागल्यापासून झेल सुटला की गोलंदाजाच्या त्या षटकाच्या चौकोनात, अगदी कोपऱ्यात, मी पेन्सिलीने बारीक फुली मारतो.