पोसोनच्या दिवशी अनुराधापूर

टूरच्या तारखा ऑफिस ठरवतं, तीही विमानाची तिकिटं कधी स्वस्त मिळतात ते बघून. त्यामुळे जूनमधला आमचा श्रीलंकेचा ग्रुप बरोबर ज्येष्ठ पौर्णिमेला अनुराधापुरात असणार, हे मला कळलं ते तिथल्या ड्रायव्हरच्या फोनवरून. तो मला मल्ली म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ, आणि मी त्याला अय्या. "मल्ली, त्या दिवशी पोसोन. कोच आत सोडणार नाहीत. पुष्कळ चालायचंय. लोक म्हातारे आहेत का?"

होते. तिसेक जणांत पन्नाशीच्या आतलं कोणीच नव्हतं.

श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते. तिला पोया म्हणतात. दारू मिळत नाही, मटणाची दुकानं बंद. त्यातही वैशाखातली वेसाक आणि ज्येष्ठातली पोसोन या मोठ्या. आणि पोसोन खास अनुराधापूरचीच. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद याच दिवशी शेजारच्या मिहिंतलेच्या डोंगरावर आला आणि शिकारीला निघालेल्या राजा देवानंपिय तिस्साला त्याने धम्म सांगितला, अशी परंपरा. लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत तिकडे लोटतात, जादा रेल्वेगाड्या सोडतात. आमच्या छापील कार्यक्रमात मात्र अनुराधापूरला अडीच तास, मिहिंतलेला दीड, मग जेवण आणि 'विश्रांती' असा मजकूर होता.

आदल्या रात्री हबरणच्या हॉटेलात मी दुसऱ्या दिवसाची माहिती दिली. खांदे-गुडघे झाकलेले हवेत, टोपी-चप्पल बाहेर काढायची, बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी घ्यायचा नाही. कोल्हापूरच्या एका काकांनी हात वर केला. "बिअरपण नाही? परदेशात येऊन ड्राय डे?" मी म्हटलं, मिनीबारलासुद्धा कुलूप आहे. हशा झाला, पण काकांना पटलेलं नव्हतं.

मग पुण्याच्या दोन काकू बाजूला येऊन म्हणाल्या, "सर, उद्या वटपौर्णिमा. वड मिळेल का कुठे?" दोघींनी सुताची गुंडी पुण्याहून आणलेली. टूर मॅनेजरला पासपोर्ट हरवण्यापासून कवळी हरवण्यापर्यंत सगळ्याची तयारी असते, वडाची नसते. अय्याला विचारलं. तो म्हणाला, वड भरपूर आहेत, फक्त उद्या सगळे पिंपळाकडे जाणार.

शेवटी आल्या नागपूरच्या मावशी. सत्तरीच्या पुढच्या, एकट्याच बुकिंग करून आलेल्या. "भाऊ, उद्या जेवण बाराच्या आत होईल ना?" लंच दीडला होतं. "मंग राहू द्या, मी पाहून घेतो," म्हणाल्या. गोळ्यांच्या वेळा असतील असं समजून मी यादीत नावापुढे 'शुगर' लिहिलं आणि झोपलो.

साडेपाचला निघालो. कोलंबोत पावसाने झोडपलं होतं, पण इकडे बेटाच्या कोरड्या भागात जूनमध्ये पाऊस फारसा पडत नाही. म्हणूनच इथे तळी. शहराच्या अलीकडेच पोलिसांनी गाडी एका मैदानात वळवली आणि आम्ही तिस्सा वेवाच्या बांधावरून चालायला लागलो. वेवा म्हणजे बांध घालून केलेला तलाव. हा देवानंपिय तिस्साने बांधला असं सांगतात, म्हणजे बावीस-तेवीसशे वर्षं झाली, आणि अजून पाणी देतो. डावीकडे पाण्यात कमळं, काठाशी चित्रबलाकांची रांग, उजवीकडे झाडांवरून वर आलेले पांढरे स्तूप. एरवी मी इथे फोटोसाठी दहा मिनिटं देतो. त्या दिवशी थांबायला जागा नव्हती. मागून माणसं येतच होती, आजी-नातवंडं, हातात कमळाच्या कळ्या, आणि कुणीही कुणाला ढकलत नव्हतं. नाशिकचे एक काका म्हणाले, "सिंहस्थात असं एकदा चालून बघा म्हणावं."

वड बांध उतरताना लागला. काकूंनी पर्स नवऱ्यांच्या हाती दिल्या आणि सूत काढलं. एका पोलिसाने अय्याला विचारलं, हे काय चाललंय. अय्याने सिंहलीत काहीतरी सांगितलं, पोलिसाने दोन्ही काकांना आपादमस्तक न्याहाळलं आणि तो हसायला लागला. काय सांगितलंस, ते अय्याने मला अजून सांगितलेलं नाही.

जय श्री महाबोधी या पवित्र पिंपळापाशी तपासणीची रांग होती. १९८५ च्या मे महिन्यात तमिळ वाघांनी या शहरात गोळीबार केला, तेव्हा या झाडाच्या आवारातही भाविक मारले गेले. एकूण १४६ माणसं गेली. हे मी कोचमध्येच सांगून टाकतो, रांगेत सांगत नाही. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेच्या पिंपळाची फांदी आणली, ती इथे लावली. माणसाने लावलेलं आणि लावल्याची नोंद असलेलं हे जगातलं सर्वांत जुनं झाड मानतात. झाड पाहून लोक थोडे हिरमुसतातच. उंच चौथरा, सोनेरी कठडा, त्याच्या आत बारीकशा फांद्या, त्याही सोनेरी टेकूंवर पेललेल्या. बुंध्याच्या जवळ जाता येत नाही. खालच्या आवारात वाळूवर बसायचं, तेही जागा मिळाली तर.

माझं हेडकाउंट चाललं होतं आणि मावशी कमी होत्या. पाच-सहा पावलांवरच दिसल्या. पांढऱ्या साडीत, पांढऱ्या साड्यांच्या घोळक्यात, चेहरा दिसला नसता तर ओळखताच आल्या नसत्या. लाउडस्पीकरवरून एक भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू, शील (वागणुकीचे नियम) देत होते, बायका त्यांच्यामागून म्हणत होत्या आणि मावशीही म्हणत होत्या, एकही शब्द न अडखळता. त्यांना सिंहली येत नव्हतं, शेजारणींना मराठी येत नव्हतं. पाली सगळ्यांनाच येत होती. पाचव्या शीलानंतर मला वाटलं संपलं, पण भंते थांबले नाहीत. "विकालभोजना वेरमणी सिक्खापदं समादियामि." माध्यान्हानंतर अन्न घेणार नाही. मग कुठे रात्रीच्या प्रश्नाचा उलगडा झाला. मावशींनी अष्टशील घेतलं होतं.

"साधु, साधु, साधु" झाल्यावर मी जवळ जाऊन बसलो. "मावशी, तुम्हाला शुगर आहे. दिवसभर ऊन आहे."

"दर पौर्णिमेला करतो मी. गोळी सकाळीच घेतली. काहून भिता?" मग म्हणाल्या, "आमच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष आहे ना, तो या झाडाचा. भदंत आनंद कौसल्यायनांनी रोपं नेली होती इथून. मी तिथं कितींदा बसली असन. बाबासाहेब १९५० साली या देशात आले, कँडीला, बौद्ध परिषदेला. म्हणून तारीख पाहूनच पैसे भरले मी. तुम्ही बाकीच्यांना फिरवून आणा, मी इथंच बसतो."

म्हणजे अख्ख्या ग्रुपमध्ये तिथी बघून आलेलं एकच माणूस होतं.

आमच्या धंद्यात पॅसेंजर मागे ठेवून पुढे जायचं नसतं, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी त्यांच्या मुलाला नागपूरला फोन लावला. तो म्हणाला, "सर, आईला उठवू नका. ऐकणार नाही, वरून तुम्हालाच बसवन." शेजारच्या बाईंना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी डबे दाखवले, अकरा वाजता सगळ्या मिळून जेवतील, नंतर बेलाच्या फुलांचा गुळाचा काढा चालतो, तो देवळातच मिळतो. गाडीवरच्या पोराला मी तिथे बसवलं, माझं कार्ड मावशींच्या पर्समध्ये घातलं आणि बाकीच्यांना घेऊन निघालो.

पुढचा रस्ता लोवामहापायाच्या दगडी खांबांवरून जातो. सोळाशे खांब, वरचा नऊ मजली विहार कधीच गेलेला. मग रुवनवेलिसाय. दुट्टगामिणी राजाचा स्तूप, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला, आज शंभर मीटरहून थोडा उंच, भोवतीच्या भिंतीवर हत्तींची रांग. साडेदहाला तिथली फरशी तव्यासारखी तापते. मी प्रत्येकाला जाड मोजे आणायला सांगितलं होतं, तरी ज्यांनी ते पातळ आणले होते त्यांची सावलीपर्यंत पळापळ झालीच. स्थानिक बायाबापड्या अनवाणी शांतपणे चालत होत्या.

तेवढ्यात शिट्ट्या, ढोल आणि भगव्या कापडाची एक न संपणारी पट्टी आली. स्तूपाभोवती गुंडाळायचं कापड. शेकडो माणसं ते डोक्यावर धरून प्रदक्षिणा घालतात, ज्याला हात लावायचाय त्याने लावावा. कोल्हापूरचे काका नुसते बघायला पुढे गेले, कुणीतरी त्यांच्या डोक्यावर कापड ठेवलं आणि काका निघाले. मी ओरडलो, त्यांना ऐकू गेलं नाही. पूर्ण फेरी मारून आले. घामाने भिजलेले, एका पायाचा मोजा गायब. "अहो, मध्ये सोडता येत नाही ना," एवढंच म्हणाले. पुण्याच्या काकू म्हणाल्या, "सकाळचं आमचं सूत बघून हसत होतात ना?"

जेतवनाराम स्तूप आम्ही लांबूनच केला. मला व्यक्तिशः तोच जास्त आवडतो, चुना-रंग नसलेला, विटांचा नुसता डोंगर. नऊ कोटींहून अधिक विटा, मूळ उंची १२२ मीटर. गिझाचे दोन पिरॅमिड सोडले तर त्या काळात याहून उंच बांधकाम नव्हतं. पण उन्हात भुकेल्या माणसांना विटांचा आकडा सांगून काही होत नाही.

भुकेचा प्रश्न दानसलेने सोडवला. पोसोनला रस्त्याच्या कडेला मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट खायला घालतात, त्याला दानसल म्हणतात. कुठे भात-आमटी, कुठे आइस्क्रीम. पोरं गाड्यांना आडवी होऊन आग्रहाने थांबवतात. आम्हाला मिळाला उकडलेला कसावा, वर खोवलेलं खोबरं आणि बाजूला लाल मिरचीची चटणी. काकूंचा उपवास. पानात वाफाळणारा पिवळसर पांढरा कंद, काट्याने दाबला की भुरभुरीत फुटणारा. एक काकू म्हणाली, बटाटा चालतो मग हे का नाही. दुसरीला शंका. मी म्हटलं, साबुदाणा याच कंदाचा करतात. दोघींनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, मिरचीत कांदा आहे का ते विचारून घेतलं, होता, मग नुसतं खोबरं लावून दोन-दोन वेळा घेतलं. दीडच्या लंचला आम्ही पोचलोच नाही. रेस्टॉरंटवाल्याने फोनवर हॉटेली भाषेत मला बरंच ऐकवलं.

मावशी ठेवल्या तिथेच होत्या. जेवल्या होत्या, केळीच्या पानात बांधलेला भात आणि फणसाची भाजी. पोरगाही त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला, त्यानेही शील घेतलं असावं, कारण मी दिलेलं बिस्कीट त्याने हसून खिशात ठेवलं.

मिहिंतले झालं नाही. अठराशे चाळीस पायऱ्या तशाही निम्म्या ग्रुपला झेपल्या नसत्या, पण गाडी पायथ्यापर्यंतही गेली नाही. तासभर एका जागी उभी. डोंगरावर दिवे लागले होते, चढणाऱ्या माणसांची पांढरी रेघ वरपर्यंत दिसत होती. मी माइक घेतला आणि महिंदाने राजाची अक्कल तपासायला घातलेलं कोडं सांगितलं. हे झाड कसलं? आंब्याचं. याशिवाय आणखी आंबे आहेत? पुष्कळ. आंबा सोडून दुसरी झाडं? तीही पुष्कळ. आता ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडली, तर काय उरलं?

कोचमध्ये जो गोंधळ झाला त्यात तासातला उरलेला वेळ गेला. कोणी म्हणालं शून्य, कोणी म्हणालं निर्वाण. निवृत्त गणित शिक्षकांनी कागदावर दोन वर्तुळं काढली. मावशी मागून म्हणाल्या, "हाच आंबा, जी. याच्यात काय एवढं." राजानेही तेच उत्तर दिलं होतं, म्हणून तर महिंदाने त्याला पुढचं सांगितलं.

हबरणच्या रस्त्यावर अंधारात एक हत्ती आडवा उभा होता, अय्याने गाडी बंद केली, तो गेला. पोचायला दहा वाजले.

साडेदहाला रूम सर्व्हिसचा फोन मला आला. तुमच्या मॅडमनी पलंगावरची गादी काढायला सांगितली आहे, काही तक्रार आहे का? मी धावत गेलो. मावशी खुर्चीत बसलेल्या. अष्टशीलातलं आठवं शील: उंच, ऐसपैस बिछान्यावर झोपायचं नाही. हॉटेलचा पलंग चांगला गुडघाभर उंच, वर चार उशा. मी रूम सर्व्हिसच्या पोराला समजावायला तोंड उघडणार तेवढ्यात त्याने मावशींच्या साडीकडे पाहिलं, "सिल?" एवढंच विचारलं. मावशींनी मान हलवली. पाच मिनिटांत तो कुठून तरी एक चटई घेऊन आला, जमिनीवर पसरली, चादर घातली, आणि पाया पडून गेला.

सकाळी सिगिरियासाठी साडेसहाला निघायचं होतं. मावशींचं शील सुटलं होतं, इडियाप्पाची दुसरी बशी चालू होती. कोल्हापूरचे काका एका पायाने किंचित लंगडत रिसेप्शनला आले आणि बार किती वाजता उघडतो ते विचारून गेले.