कारण लेखी द्या

सेन्सॉरची मला उगाच धास्ती होती. पहिलंच दोन अंकी नाटक, विषय गावच्या जत्रेतल्या मानपानाचा, त्यात एक लाचखाऊ फौजदार. नाटकं दाबायला इंग्रजांनी आणलेला १८७६ चा कायदा २०१८ साली रद्द झाला खरा, पण महाराष्ट्रात प्रयोगाआधी संहिता तपासून घ्यायची रीत १९५१ च्या पोलीस कायद्याखालच्या नियमांतून आलेली, ती काही गेली नव्हती. संहितेच्या प्रती दिल्या. काही दिवसांनी तीन जागांवर खुणा आल्या: एक शिवी, एका जातीचा उल्लेख आणि फौजदाराचं एक वाक्य. जातीचा उल्लेख मी स्वतःच काढला, खरंच गरज नव्हती. बाकी दोन्ही ठिकाणी पात्र असं का बोलतं, ते लिहून दिलं. शिवी गेली, फौजदार वाचला. प्रमाणपत्र हातात आलं आणि मला वाटलं, सुटलो.

प्रयोगाला चार दिवस असताना नाट्यगृहातून फोन आला. "साहेब, तारीख पुढे घ्या. वरून सांगितलंय." वर म्हणजे कोण, ते सांगेनात. कोणीतरी म्हणे नाटकाबद्दल नाराज आहे, गडबड होईल. नाटक तर अजून कोणी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, हेच लेखी द्या. तर म्हणाले, लेखी कशाला, आपण घरचीच माणसं.

त्या रात्री तालीम झालीच नाही. अर्ध्या पोरांचं म्हणणं, फौजदार काढून टाकू, प्रयोग होणं महत्त्वाचं. मीही जवळजवळ तयार झालो होतो.

आमच्यात ध्वनी सांभाळणारा मुलगा वकिली करतो. त्याने दोन निकाल सांगितले. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका तमिळ सिनेमाच्या खटल्यात म्हटलं होतं की लोक चिडतील, निदर्शनं होतील, एवढ्या कारणावर अभिव्यक्ती दाबता येत नाही. बंदोबस्त ठेवणं हे सरकारचं काम. दुसरा निकाल २०१९ चा, आणि तो तर आमचीच गोष्ट. सेन्सॉर झालेला एक बंगाली सिनेमा कुठलाही लेखी आदेश नसताना थिएटरांतून उतरवला गेला. न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला निर्मात्यांना वीस लाखांची भरपाई द्यायला लावली.

"आपल्याला कोर्टात जायचं नाहीये," तो म्हणाला, "फक्त कागद करायचाय."

दोन पत्रं केली. नाट्यगृहाला लिहिलं, तारीख आमची आहे, भाडं आणि अनामत भरलेली आहे, प्रमाणपत्राची प्रत सोबत आहे. रद्द करायचं असल्यास कारण आणि निर्णय घेणाऱ्याचं नाव लेखी कळवा. पोलीस ठाण्याला लिहिलं, अमुक वेळी प्रयोग आहे, गडबडीची शक्यता आमच्या कानावर घातली गेली आहे, बंदोबस्त द्यावा. दोन्हीकडे शिक्का मारून पोच घेतली. ठाण्यात त्यासाठी सव्वा तास बसावं लागलं, पण कोणी वाईट बोललं नाही. (अर्जात फौजदाराच्या पात्राचा उल्लेख मी केला नव्हता, हेही सांगून टाकतो.)

दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाचा सूर बदलला. रद्द वगैरे काही नाही, फक्त एक हमीपत्र द्या. त्यात दोन कलमं होती. मोडतोडीची जबाबदारी आमची, यावर सही केली. "नाटकाच्या आशयाने कोणाच्या भावना दुखावल्यास" हे कलम खोडून बाजूला छोटी सही केली. मॅनेजरने पाहिलं न पाहिल्यासारखं करून फाईलला लावलं.

प्रयोग झाला. दोन हवालदार दाराशी, त्यातला एक दुसऱ्या अंकाला आत येऊन मागे उभा राहिला. निषेधाला कोणीच आलं नाही.

परवा पोरांपुढे नव्या नाटकाचा पहिला खर्डा वाचला. वाचून झाल्यावर वकील मुलाने एवढंच विचारलं, "यात सरपंच का नाहीये?" मी म्हटलं, कथेची गरज नव्हती. त्याने मान हलवली आणि केबल गुंडाळायला लागला.