नो म्हणजे हो

क्राकूवला राहायला आले तेव्हा माझा पहिला घोळ 'पानी'वरून झाला. पोलिशमध्ये पानी म्हणजे बाई, तेही आदराने. घरमालकीणबाईंना सगळे पानी म्हणत आणि मला उगाच तहान लागे. पाण्याला तिकडे वोदा म्हणतात. व्होडका हे त्याचंच लाडाचं रूप, यावरून काय ते ओळखा.

जेन दोब्री (नमस्कार), जेंकुये (धन्यवाद) पाठ झालं. प्रोशे मात्र सर्वगुणसंपन्न: कृपया, हे घ्या, या आत, सगळ्याला चालतं. मी शाकाहारी, म्हणून 'बेझ म्येंसा', म्हणजे बिनमांसाचं, हे आधी घोकलं.

एका रविवारी पानींनी प्येरोगी (मैद्याच्या पारीत सारण भरून पाण्यात शिजवायचा पदार्थ) करायला बोलावलं. 'रुस्क्ये' प्रकार. नाव ऐकून रशियन वाटतं, पण ते रुथेनियावरून आलंय, म्हणजे बराचसा आजचा पश्चिम युक्रेन. सारणात उकडलेला बटाटा, त्फारुग (आपल्या पनीरचा जरा आंबूस भाऊ), परतलेला कांदा आणि सढळ हाताने मिरपूड.

कणीक मी मळायची ठरली. मैदा, मीठ, चमचाभर तेल, गरम पाणी. थोडं पाणी घालून विचारलं, "येश्चे?" अजून?

"नो."

मी थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "नो, नो!" मी भांडंच लांब ठेवलं. शेवटी त्यांनी स्वतः पाणी ओतलं. पोलिशमध्ये बोलताना 'नो' म्हणजे हो. नाहीला 'न्ये'. तोवर कणीक कोरडी पडली होती ती पडलीच.

लाटून, पालथ्या पेल्याने गोल पाडले, सारण भरून दुमडले. कडेला बोटांनी आपोआप करंजीची मुरड घातली. पानी चकित. "ओ, फाल्बांका!" फाल्बांका म्हणजे फ्रॉकची झालर. करंजी समजावण्याइतके शब्द कुठले? "ऊ नास तेश," एवढंच जमलं. आमच्याकडेपण.

मोजताना पुन्हा अडले. दोन, तीन, चारपर्यंत प्येरोगी, पाचापासून प्येरोगुफ! ही भाषा शिकणाऱ्याची दया करत नाही. उकळत्या पाण्यात ते वर तरंगले की दोनतीन मिनिटांनी काढायचे आणि वर लोण्यात परतलेला कांदा.

माझे तीन पाण्यातच उकलले. पानींनी ते गुपचूप स्वतःच्या ताटात घेतले आणि माझ्याकडे झारा उचलून म्हणाल्या, "येश्चे?"

"नो," मी म्हटलं.