तुम्ही विचारलंत म्हणून : त्या १२० ग्रॅमबद्दल

पालकसभा असो, लग्नाची पंगत असो की यवतमाळहून गावाकडे येणारी एसटी, प्रश्न एकच असतो आणि तो बहुधा हसतच विचारला जातो : "सर, त्या बीटीनं पराटीची माती केली, अन् तुम्ही आमच्या पोरायले तेच जैवतंत्रज्ञान शिकायले धाडता?" पराटी म्हणजे आमच्याकडचे कापसाचे पीक.

तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवतो आणि दरवर्षी दोन-चार मुलांना या वाटेला लावतो, हे खरे आहे. आजवर मी आकडे सांगून वेळ मारून नेली. बीटी कापसाला, म्हणजे जिवाणूचे जनुक घातल्याने बोंडअळीला मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कापसाला, २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याआधीच्या हंगामात देशात १५८ लाख गाठी कापूस झाला होता आणि २०१३-१४ मध्ये तो ३९८ लाख गाठींवर गेला. आकडे खरे आहेत. मात्र त्या वाढीत सिंचनाचा, खतांचा आणि नव्या कीटकनाशकांचाही वाटा होता, हे मी सोयीने गाळत असे.

२०११ च्या प्रजासत्ताकदिनी मी राष्ट्रविकासावर भाषण केले होते. केंद्र सरकारने १९८६ मध्ये जैवतंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग स्थापन केला, इथून सुरुवात करून मी शेवटी म्हणालो होतो की या तंत्रज्ञानाचे मोठेपण असे, की शेतकऱ्याला काहीच शिकावे लागत नाही, विज्ञान बियाण्यातच बसून येते. टाळ्या मिळाल्या. त्या माणसाशी मी अजून भांडतो आहे, कारण त्याच वर्षी त्याच्याच घरात ४५० ग्रॅमच्या बीटी पिशवीसोबत आलेले १२० ग्रॅम बिगर-बीटीचे पाकीट छपराच्या आड्याला खोचलेले होते. ते वावराच्या कडेने पेरायचे असे, म्हणजे तिथे साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी संकर करतात आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. बाबा म्हणाले, "अळीसाठी पाच तासं सोडू काय?" मी एम.एस्सी. झालेला मुलगा गप्प बसलो. पाच तासांचा, म्हणजे पाच ओळींचा, कापूस मलाही दिसत होता.

२०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली. फुले उमलेनात, डोमकळ्या, म्हणजे अळीने आतून मिटवलेल्या गुलाबकळीसारख्या कळ्या, दिसू लागल्या, पराटी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा वर तोंड करून मारावा लागत होता. माझ्या थोरल्या चुलतभावाने, दादाने, कृषी केंद्रवाल्याच्या सांगण्यावरून दोन औषधे एकाच पंपात कालवली आणि सकाळपासून दुपारपर्यंत उघड्या अंगाने फवारणी केली. संध्याकाळी त्याला अंधुक दिसू लागले, तोंडातून लाळ येऊ लागली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, काय मारले होते? मी मोटरसायकलने परत येऊन गोठ्यातल्या बाटल्या उचलल्या. त्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावरून विषाची तीव्रता कळते, लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, हे मी वर्गात फळ्यावर रंगीत खडूने काढत असे; स्वतःच्या गोठ्यातली बाटली मात्र त्या रात्री पहिल्यांदा पाहिली. विषाने मज्जातंतूंमधले विकर बंद पडते, त्यावर ॲट्रोपिन देतात, तेही मला ठाऊक होते. ॲट्रोपिन चढल्यावर माणूस भ्रमिष्ट होतो, हे पाहिलेले नव्हते. दादा रात्रभर पलंगावर दोन्ही हातांनी हवेतून काहीतरी खुडत होता आणि कमरेशी टाकत होता. तो कापूस वेचत होता. वहिनींनी शेवटी ओढणीने त्याचे हात बांधले. दादा वाचला, त्या हंगामात जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे वाचली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग दोष जनुकाचा नाही का? नाही, हे मी आजही ठासून सांगेन. त्याच एक-दोन प्रथिनांवर अख्खा जिल्हा वर्षानुवर्षे पेरला, फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेली पराटी, फेब्रुवारीपर्यंत उभी ठेवली, मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे कुणी लावले नाहीत, तर अळी सरावणारच होती. पण हे सांगणारे माणूस गावात कोण होते? मीच होतो, आणि मी भाषण करत होतो.

आता ते बिगर-बीटी बियाणे वेगळ्या पाकिटात येत नाही, पिशवीतच मिसळलेले असते. म्हणजे शेतकऱ्याला काही समजावण्याची गरज पुन्हा एकदा उरलेली नाही. उपाय शहाणपणाचा आहे, तरी मला तो खुपतो.

यंदा दादाच्या मुलीने जैवतंत्रज्ञानाला प्रवेश घेतला. फॉर्म भरताना दादाने सही केली आणि पेन टोपण लावून परत देताना तुमचाच प्रश्न विचारला. ती समोर बसलेली होती. मला गाठींचा आकडा काढवला नाही.