आमची वाटचाल : तोडफोडीनंतरचं कांडप आणि वस्तीकडे मागणं

कांडपाचं दुकान वर्षभर उघडं असलं तरी नागपुरात खरी कमाई होळीपासून मृगापर्यंतची. ऊन तापलं की भिवापुरी मिरची गच्चीवर पडते, घरोघरी देठ खुडले जातात आणि नावाची चिठ्ठी लावलेल्या पिशव्या आमच्याकडे येतात. आमची सुरुवात एका डंक्यावर, म्हणजे यंत्राने मुसळ उचलून कांडणाऱ्या उखळावर झाली. पुढे माल वेगाने आपटून जाळीतून बारीक काढणारा पल्वरायझर आला, मग दळणाची चक्की. महाल, सक्करदऱ्याकडची घरं, काही सावजी भोजनालयं आणि पापड-मसाले करणारे बचत गट, एवढ्यावर हा धंदा उभा राहिला.

पल्वरायझर आल्यावरही डंका काढला नाही, त्याला कारण आहे. पल्वरायझरमध्ये माल वेगाने आपटतो, गरम होतो आणि मसाल्याचा वास तिथेच उडतो. शिवाय सावजी मसाल्यातलं खोबरं आणि खसखस तेल सोडतात, जाळीची भोकं गच्च बसतात आणि मोटार ओढू लागते. डंक्यात मुसळ पडतं, उचललं जातं, मधे मालाला हवा लागते. वेळ जास्त जातो, पण मसाला थंड राहतो. म्हणून तिखट पल्वरायझरवर आणि खडा मसाला डंक्यावर, अशी आमच्याकडची विभागणी.

यंदा हंगाम तोंडावर असताना रात्रीतून दुकानाची तोडफोड झाली. कोणी केली याचा तपास चालू आहे, त्यावर इथे काही लिहिणार नाही. काय मोडलं, ते कसं उभं राहतंय आणि त्यात वस्तीचा हात कुठे लागतो, एवढंच सांगायचं आहे.

सगळ्यात आधी गिऱ्हाइकांचा माल. समोरच्या दाराची काच आणि घमेल्यांवरची ट्यूबलाइट फुटली होती. लोहचुंबक खिळा पकडतो, तार पकडतो, काच नाही. चाळणीनेही भागत नाही, कारण काचेचा चुरा मिरचीच्या बियांएवढा असतो. अंधारात बॅटरी तिरपी धरून पाहिलं तर काच चमकते, पण बीसुद्धा तशीच चमकते. त्यामुळे उघड्या घमेल्यांतला सगळा माल फोटो काढून, वजन लिहून बाद केला आहे. तोंड शिवलेली पोती बाहेरून ब्रशने झाडून वेगळी ठेवली आहेत. ज्यांचा माल बाद झाला त्यांना त्याच जातीची मिरची आम्ही भरून देऊ. फक्त चिठ्ठी हरवली असेल तर जात आणि वजन सांगा. भिवापुरीच्या जागी तेजा चालत नाही, हे आम्हालाही कळतं.

आता यंत्रं. पल्वरायझरचे पट्टे कापले होते, स्टार्टरची पेटी फोडली होती आणि १० एचपीच्या मोटारीवर पाणी ओतलं होतं. अशी मोटार ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करायची नसते, ओली वाइंडिंग त्या एका झटक्यात जळते. आधी वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, वाइंडिंग तपासायची. १ मेगाओहमच्या खाली आकडा आला तर मोटार उघडायची, वाळवायची आणि पुन्हा मोजायचं. वाळवूनही आकडा चढला नाही तर रिवाइंडिंगला पर्याय नाही. आमच्या मोटारीचा चढला. तरी दोन्ही बेअरिंग बदलायला टाकली, कारण पाण्याने ग्रीस धुऊन गेलं की बेअरिंग आधी किरकिरतं आणि ऐन हंगामात जाम होतं.

पट्टे तीन होते, एक शाबूत राहिला होता. तरी तिन्ही नवेच. जुना ताणलेला पट्टा सैल बसतो, सगळा भार दोन नव्यांवर येतो आणि तेही लवकर जातात. वायरिंग नव्याने जोडल्यावर पट्टे चढवण्याआधी मोटार फिरवून दिशा पाहायची. उलटी फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करायच्या. चक्कीच्या दगडावर हातोडीचा घाव दिसतो. दगड मोकळा करून लाकडाने ठोकल्यावर नाद बद्द येतो, म्हणजे आत चीर आहे. असा दगड वेगात फुटतो आणि कव्हर फोडून बाहेर येऊ शकतो. तो भंगारात गेला. डंक्याची मुसळं शाबूत आहेत, उखळ स्वच्छ घासून झालं आहे.

वजनकाटा दुरुस्त होईल, पण दुरुस्तीनंतर वैधमापन विभागाकडून पुन्हा पडताळणी होऊन शिक्का बसेपर्यंत त्यावर माल मोजता येत नाही. मीटरच्या पेटीला आम्ही हात लावला नाही. ते महावितरणचं काम, १९१२ वर तक्रार दिली आहे. शटरच्या खालच्या पट्ट्या वाकल्या आहेत, तेवढ्याच बदलता येतात. अख्खं शटर नवं घ्यायची गरज नाही. मात्र वरच्या नळीतली स्प्रिंग ताणलेली असते, तिला शटरवाल्याशिवाय कोणी हात लावू नये.

कागदांचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बाजूच्या दुकानदारांनी तेच विचारलं. फिर्याद देताना नुकसानीचा आकडा वस्तूनिहाय लिहून द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये शिक्षा रकमेवर ठरते : २०,००० पासून १ लाखाच्या आत नुकसान असेल तर २ वर्षांपर्यंत, १ लाख किंवा त्याहून जास्त असेल तर ५ वर्षांपर्यंत. ‘किरकोळ तोडफोड’ असं मोघम लिहिलं गेलं की प्रकरण तिथेच हलकं होतं. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका. पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत मोडका भागही टाकायचा नाही. दुर्भावनेने केलेलं नुकसान ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत धरलेलं असतं. गिऱ्हाइकाचा माल मात्र पॉलिसीत वेगळा नोंदवलेला असावा लागतो. कांडप, लाँड्री, शिलाई अशा परक्या मालावर चालणाऱ्या सगळ्यांनी आपली पॉलिसी आजच काढून ही ओळ शोधावी.

आता मागणं. पैसे गोळा करून देतो असं बऱ्याच जणांनी म्हटलं. मनापासून आभार, पण वर्गणी नको. एक तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात मिळालेली भेट ५०,००० च्या वर गेली की ती पूर्ण रक्कम उत्पन्नात धरून कर लागतो. दुसरं, वर्गणीचा हिशेब कोणाला द्यायचा यावरून वस्तीत उगाच कुजबुज होते. त्यापेक्षा हंगामाचं काम आगाऊ नोंदवा. ५०० रुपयांचं कुपन आहे, त्यावर क्रमांक, तारीख आणि आमची सही. वर्षभरात तिखट, हळद, मसाला, काहीही कांडून घ्या. काम नको झालं तर पैसे परत. हा धंद्याचा अ‍ॅडव्हान्स आहे, वहीत तसाच लिहिला जातो आणि त्यातून बेअरिंग, पट्टे, स्टार्टर यांची बिलं भागतात. एका घरातून दोनपेक्षा जास्त कुपनं घेत नाही. सगळं वर्ष आधीच विकून टाकलं तर मे महिन्यात वीजबिल कशातून भरायचं?

कॅमेरे असलेल्या शेजाऱ्यांना घाईची विनंती आहे. डीव्हीआरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. ते मोबाइलवर पडद्याचा व्हिडिओ काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका, त्यात वेळ-तारीख आणि दर्जा दोन्ही जातात. डीव्हीआरमधून थेट पेनड्राइव्हवर उतरवा आणि ठाण्यात द्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे चित्रण कुठल्या यंत्रातून कसं उतरवलं याचा सहीचा कागद लागतो. त्याचा नमुना आम्ही छापून ठेवला आहे. आणि कोणाचा चेहरा कापून ग्रुपवर ‘हाच तो’ म्हणून फिरवू नका. माणूस चुकीचा निघाला तर निस्तरणार कोण?

हातांची मदत हवी आहे ती अशी : थ्री फेजचं काम येणारा परवानाधारक वायरमन, डंक्याच्या चौकटीला दोन पट्ट्या जोडायला वेल्डर (वेल्डिंगआधी मिरचीची धूळ पूर्ण झाडायची, ती पेट घेते), आणि बचत गटांचा वाळवलेला माल ठेवायला एक कोरडी खोली. खोलीला ओल नको. मिरची दमट झाली की जाळीत चिकटते, तिखट काळपट निघतं आणि दोष कांडपवाल्यावर येतो.

दुरुस्तीनंतर पल्वरायझरवर आधी दोन-तीन किलो तांदूळ दळून फेकून देणार, म्हणजे आतलं ग्रीस आणि लोखंडाचा कीस निघून जाईल. पहिला गिऱ्हाइकी घाणा त्यानंतर. तोपर्यंत फक्त डंका चालेल, सकाळी आठ ते दुपारी एक, तेही खड्या मसाल्यासाठी. गव्हाचं दळण सध्या आणू नका, चक्कीचा दगड अजून यायचा आहे.