सायकलचं पंक्चर: आधी काटा, मग ठिगळ

सायकल कारपेक्षा जास्त वेळा पंक्चर का होते? कारच्या नव्या टायरला सुमारे ८ मिलिमीटर रबर असतं आणि त्याखाली पोलादी तारांचे पट्टे. बाभळीचा काटा तिथे मोडतो. सायकलच्या साध्या टायरला दोन-तीन मिलिमीटर रबर, आत नायलॉनचं कापड, की लगेच ट्यूब. त्यात सायकल रस्त्याच्या कडेने चालते. काचा, खिळे, तारेचे तुकडे गाड्यांच्या चाकांनी उडून तिथेच साचतात. कारच्या ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये घुसलेला खिळा स्वतःच बराच वेळ भोक धरून ठेवतो. ट्यूबला भोक पडलं की हवा टायर आणि रिमच्या फटींतून निघून जाते, आणि मुळात ती असतेच थोडी.

म्हणून पंक्चर काढताना मी भोक कुठे आहे ते आधी बघतो. त्याही आधी व्हॉल्व्हवर थुंकीचा थेंब. बुडबुडा आला तर पंक्चर नाहीच, वालट्यूब, म्हणजे व्हॉल्व्हमधली छोटी रबरी नळी, गेलेली. ती बदलली की काम झालं.

चाक काढून, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने लिव्हर (टायर उचकटायची चपटी पट्टी) घालून टायरची एकच कड उतरवतो. ट्यूब काढण्याआधी व्हॉल्व्हशेजारी टायरवर खडूची खूण. ट्यूबमध्ये हवा भरून पाण्यात धरली की भोक सापडतं, आणि खुणेवरून अंतर मोजलं की टायरमधली नेमकी जागाही.

भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच. शेजारीशेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटली. रिमकडच्या बाजूला असेल तर स्पोकचं टोक वर आलंय किंवा रिमटेप, म्हणजे स्पोकची टोकं झाकणारी रिमवरची पट्टी, सरकली आहे. तिथे कितीही ठिगळं लावा, दुसरं भोक पडणारच.

टायरच्या आतून मी जुना सुती कपडा फिरवतो. कपडा अडकला तिथे काटा. उघड्या बोटांनी चाचपू नका, काच कापते. काट्याचं टोक बाहेरून दिसत नसलं तरी आत असतं, ते चिमट्याने ओढून काढायचं. घाईत लावलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी फसतं ते बहुतेक वेळा याच राहिलेल्या टोकामुळे.

ट्यूब कोरडी करून ठिगळापेक्षा थोडी मोठी जागा पॉलिश पेपरने घासायची. सोल्युशनचा पातळ थर द्यायचा आणि चकाकी जाईपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबायचं. ओल्यावर ठिगळ चिकटवलं तर ते सरकतं. जाड थर दिला तरी तेच. मधून कडेकडे जोरात दाबायचं.

बसवताना ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरून सुरू करून व्हॉल्व्हपाशी संपवायची, शेवटचा घट्ट भाग अंगठ्यांनी. लिव्हर वापरली तर नवी ट्यूबही चिमटते. मग व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून परत ओढायचा आणि टायरच्या बाजूवर छापलेल्या पीएसआयपर्यंत (हवेच्या दाबाचं माप) हवा भरायची. बोटाने दाबून अंदाज घेण्यात अर्थ नाही, दाब दाखवणारा गेजवालाच पंप हवा.