बटाट्याचे काप आणि ४७ जी/१३

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहा असा शाळेतून फोन आला तेव्हा सगळ्यात आधी आठवला तो बटाटा. आठवीत असेन, भूगोलाच्या सरांनी सगळ्यांना घरून एकेक बटाटा आणायला लावला होता, अर्धा कापून पालथा ठेवायचा, त्याचे आडवे सारख्या जाडीचे काप करायचे आणि एकेक काप कागदावर ठेवून पेन्सिलीनं भोवती गिरवायचं, मोठ्याच्या आत लहान, त्याच्या आत अजून लहान. सर म्हणाले, हा झाला पांडवगड. मी खिडकीतून गडाकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं, आणि खरंच तो होता.

नंतर सरांनी स्वतःची टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा आणला, सर्व्हे ऑफ इंडियाचा, नंबर ४७ जी/१३. आपली वाई, मेणवली, धोम, पसरणीचा घाट, पाचगणीचं टेबललँड सगळं त्या एका कागदावर, दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. तपकिरी कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, आमच्या बटाट्याच्या कापांसारख्याच, जिथं खेटून येतात तिथं कडा, लांब लांब पसरतात तिथं सपाटी. पिवळं म्हणजे पिकाखालची जमीन, हिरवं म्हणजे जंगल, लाल म्हणजे रस्ते आणि वस्ती. पाणी निळं, पण पावसाळ्यापुरता वाहणारा ओढा मात्र काळा! आमच्या घरामागचा ओढा काळ्या रेघेत बघून मला इतकं बरं वाटलं, कारण तो आठ महिने तसाच असायचा, नुसते दगड.

तोपर्यंत मी चित्रात दोन डोंगर, मधून नदी आणि एक झोपडी काढायचो. चित्रकलेच्या बाई इंटरमिजिएटची तयारी घेत होत्या, त्यांना मी कंटूर रंगवलेला कागद दाखवला तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एवढंच म्हणाल्या की परीक्षेत हे काढू नकोस, पण घरी थांबवू नकोस. मी थांबवलं नाही बाई.

एक प्रसंग सांगायलाच हवा. सरांकडे त्याच भागाची जुनी शीट पण होती, एक इंचाला एक मैलवाली, धोम धरणाच्या आधीची. त्यात नव्या शीटवर जिथं धोमचं निळं पाणी पसरलंय तिथं शेतं होती, पायवाटा होत्या, माझं आजोळ होतं, बारीक अक्षरात नाव छापलेलं. आईकडून नुसतं ऐकलेलं गाव मी पहिल्यांदा तिथं बघितलं. सरांनी दोन्ही शीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि मला मधल्या सुट्टीत तिथंच बसू दिलं.

आज मी जी चित्रं करतो ती लोक अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणून बघतात. चित्रकार गायतोंडे आपल्या चित्रांना अ‍ॅबस्ट्रॅक्ट न म्हणता नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याच वस्तूवरून न काढलेली, म्हणायचे, आणि त्यांच्या चित्रांपुढे मी तासन्‌तास उभा राहिलोय, पण माझं तसं नाही, माझ्या प्रत्येक चित्राला शीट नंबर आहे. चित्रकार झरीना हाश्मींचा २००१ सालचा वुडकट, म्हणजे कोरलेल्या लाकडाचा छाप, बघितला, फाळणीच्या सीमेची नुसती एक काळी रेघ, तेव्हा कळलं की नकाशातली एक रेघसुद्धा माणसाला रडवू शकते. मी शीटवरच्या रेघा ट्रेसिंग पेपरवर मोठ्या करतो, कॅनव्हासवर उतरवतो, मग त्यावर रोलरनं रंगाचे थर आणि वाळत आले की सुरीनं खरवडायचं, खालची रेघ जिथं वर येईल तिथं येऊ द्यायची. लाल रंगात जांभ्याची माती असते, फडक्यातून गाळून बाइंडरमध्ये, म्हणजे रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रावात कालवलेली. पिवळ्यासाठी आपल्याकडची हळद वापरून बघितली पण ती उन्हानं उडते, म्हणून आता यलो ऑकर, पिवळ्या मातीचा रंग. ओढे अजून काळेच.

या वर्षी शाळेला एक चित्र देतोय, चार फूट बाय चार फूट. विनंती एवढीच की हॉलमध्ये नको, भूगोलाच्या वर्गात लावा, खिडकीसमोरच्या भिंतीवर. वरच्या डाव्या बाजूला निळ्याखाली खरवडलेल्या बारीक रेघा दिसतील, मुलांनी हात लावला तरी चालेल, तिथं आजोळ आहे.